महावीरचक्रविभूषित कॅप्टन मोहन नारायण राव सामंत

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र छापावे, असा प्रघात पूर्वीपासून चालत आलेला आहे आणि तो सर्वथा स्तुत्य आहे. यंदा हे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. आम्ही एका नौसैनिकाचे नाव सुचविले, तेव्हा दोन शंका निघाल्या. पहिली अशी की, राळेगणसिद्धीसारख्या गावी, जेथे पाण्याचा विचार विहीर, पाझर तलाव आणि नाल्यावरचा बांध यांच्यापलीकडे सहसा जात नाही, तेथे समुद्रावरच्या माणसाची कथा कोणास रुचणार? दुसरी शंका अधिक नाजूक होती. हे सामंत आपल्या ज्ञातीपैकी आहेत काय, असे एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. कॅप्टन सामंतांची ज्ञाती कोणती, याची चौकशी आम्ही केलेली नाही. ज्या तीन बोटी घेऊन ते १९७१ च्या डिसेंबरात शत्रूच्या नदीत शिरले, त्या बोटींवर बंगाली मुसलमान होते, हरियाणाचा शेतकरीपुत्र होता, ख्रिस्ती कप्तान होता, कलकत्त्याकडचे रायचौधुरी होते. तेथेही अशी चौकशी कोणी केली नसावी.

पहिल्या शंकेचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतील सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीतील जवळजवळ सर्व माणसे पडली. नामदेवांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि पेरलेल्या सुरुंगांतून एकामागून एक सुरक्षित स्थळी नेले. मग परत फिरून शत्रूची तीन मशीनगन-ठाणी निकामी केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्याच्या कोरड्या मातीतला हा गडी नदीच्या पाण्यात मोठा झाला. सामंतांची गोष्टही नदीच्या पाण्यातील आणि पाण्यातून माणसे काढण्याचीच आहे. म्हणून आम्हांस ती येथे परकी वाटत नाही. आपल्या गावचे अण्णा हजारे हे १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर लष्कराची मोटार चालवीत होते, हे येथील लहान मुलासही माहीत असते. भूदलाच्या कथा आपल्याकडे घरोघर आहेत. नौदलाच्या मात्र नाहीत, आणि म्हणून हा प्रपंच.

मोहन नारायण राव सामंत हे भारतीय नौदलातील पाणबुडी विभागाच्या पहिल्या पिढीतले अधिकारी. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ही १९६७ च्या डिसेंबरात दाखल झाली. तिच्या मागून आलेल्या पाणबुड्यांपैकी ‘करंज’ ही ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातील रीगा बंदरी नौदलात सामील झाली आणि तिचे पहिले कप्तान म्हणून सामंतांची नेमणूक झाली. पाणबुडीवरचे जीवन कसे असते, याची कल्पना आपण कणगीत कोंडून घेतलेल्या माणसावरून करावी. वारा नाही, सूर्य नाही, पाण्याचा तुटवडा, आणि शेजाऱ्याच्या चुकीने सर्वांचा घात. असा मनुष्य बोलका राहत नाही. पुढे त्यांच्याकडे जे काम आले, त्यास हा गुण फार उपयोगी पडला.

ते काम कसे उद्भवले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभिली. त्या वेळी पाकिस्तानची ‘मांग्रो’ नावाची पाणबुडी फ्रान्समधील तूलाँ बंदरात होती आणि तिच्यावर तेरा बंगाली खलाशी होते. रेडिओवर मायभूमीची वार्ता ऐकून त्यांतील काही जण बोट सोडून निघाले आणि स्पेनमार्गे भारतीय वकिलातीचा आश्रय घेऊन आठ जण हिंदुस्थानात पोहोचले. पाण्याखालचे युद्ध जाणणारे हे आठ बंगाली आपल्या नौदलास अवचित लाभले. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा आणि नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे कॅप्टन मिहिर रॉय यांनी त्यांच्याभोवती एक गुप्त योजना उभी केली आणि तिची प्रत्यक्ष सूत्रे कलकत्त्यास सामंतांच्या हाती दिली.

योजनेमागील विचार साधा होता. पूर्व बंगाल हा नद्यांचा देश आहे. शाळेत नकाशा शिकविताना गंगेचे मुख मुलांना दाखवावयाचे तर खडूची एक रेघ पुरत नाही, कोंबडीच्या पायांचे ठसे उमटल्यासारख्या रेघा काढाव्या लागतात. तेथे लष्कराचे धान्य, दारूगोळा, तेल, सर्व काही बोटींतून जाई. आणि ज्या तागाच्या निर्यातीवर पाकिस्तानला परकीय चलन मिळे, तो तागही बोटींतूनच बाहेर पडे. बंदरे बंद पडली की लष्कराचा श्वास कोंडणार, हे उघड होते. परंतु भारत तेव्हा युद्धात उतरलेला नव्हता. म्हणून हे काम बंगाली तरुणांनीच करावे, आणि शिकवणारे पडद्याआड राहावेत, असे ठरले.

प्लासीच्या रणभूमीजवळ, भागीरथीच्या काठी, मे १९७१ मध्ये शिबिर उघडले. १७५७ साली ज्या प्लासीवर बंगालचे स्वातंत्र्य गेले, तेथेच हे व्हावे, हा योगायोग कोणाच्याही मनात आल्यावाचून राहणार नाही. शिबिरात शेकडो तरुण आले. त्यांत विद्यार्थी होते, शेतकऱ्यांची मुले होती. पोहणे त्यांना शिकवावे लागले नाही, कारण त्या देशात मूल चालावयास शिकते त्याच सुमारास पोहावयासही शिकते. शिकवावे लागले ते वेगळेच. छातीपोटाशी गमछाने विटा बांधून तासन् तास नदीत पोहावयाचे, डोके पाण्याबाहेर दिसू द्यावयाचे नाही, अंधारात आवाज न करता जहाजाच्या पोटाखाली जावयाचे. विटांची जागा पुढे चुंबकी सुरुंगांनी घेतली. हा सुरुंग सुमारे पाच किलो वजनाचा असतो आणि जहाजाच्या लोखंडी तळास चिकटतो. त्यातील एक खुंटी पाण्यात विरघळली की ठरल्या वेळी स्फोट होतो. ती खुंटी पोहताना वाटेतच विरघळू नये म्हणून तिच्यावर रबराचे पातळ वेष्टन चढवीत. लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस हे या शिबिराचे मुख्य शिक्षक. त्यांनाही पुढे वीरचक्र मिळाले.

हल्ल्याचा दिवस पोहणाऱ्यांस कळवावयाचा कसा? तार नाही, फोन नाही, बिनतारी यंत्र बाळगावे तर पकडले जाण्याची भीती. यास्तव आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेली दोन बंगाली गाणी वाजविण्याची युक्ती काढली. पहिले गाणे लागले की सज्ज व्हावे. दुसरे लागले की ठरल्या रात्री पाण्यात उतरावे. लाखो लोकांनी ती गाणी ऐकली असतील, आणि त्यांचा अर्थ जाणणारे थोडके तरुण खेड्यापाड्यांत ट्रान्झिस्टरला कान लावून बसले होते. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही ठिकाणी एकाच रात्री स्फोट झाले. चितगावात ‘अल अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ ही मालवाहू जहाजे बसली. त्यानंतर परदेशी जहाजे तेथे जाण्यास कचरू लागली, आणि हाच तर मूळ हेतू होता.

ही सर्व कामगिरी अशी होती की, तिचे श्रेय भारतीय अधिकाऱ्यास घेताच येत नव्हते. शत्रू जाऊ द्या, आपल्याच नौदलातील बहुसंख्य लोकांस तिचा पत्ता नव्हता. वर्तमानपत्रांत मुक्तिवाहिनीचे नाव येई, आणि ते योग्यच होते, कारण जीव त्यांचाच पणास लागलेला होता.

पुढचा टप्पा तोफनौकांचा. कलकत्ता बंदराकडील ‘अजय’ आणि ‘अक्षय’ या दोन साध्या बोटींवर बोफोर्स तोफा चढवून त्यांची ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ अशी नावे ठेवण्यात आली. त्यांवरील खलाशी बहुतांशी पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली, अधिकारी आपले. बांगलादेशच्या आरमाराचा आरंभ या दोन बोटींपासून धरतात. नोव्हेंबरात त्यांनी पशूर नदीच्या वाटेवर पाणसुरुंग पेरले. शिवछत्रपतींच्या आरमारातील गुराबे आणि गलबते ज्यांनी वाचली आहेत, त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. मोठे जहाज नसेल तर असेल त्या बोटीवर तोफ ठेवावी, आणि शत्रूला न माहीत असलेल्या खाडीतून त्याच्या दाराशी जावे.

३ डिसेंबर १९७१ रोजी उघड युद्ध सुरू झाले. आम्ही त्या वेळी शाळकरी वयाचे होतो. कराचीवरील क्षेपणास्त्रांचा हल्ला, ‘विक्रांत’ची विमाने, ९ डिसेंबरच्या रात्री ‘खुकरी’बरोबर बुडालेले कॅप्टन मुल्ला आणि एकशे नव्वदांहून अधिक नौसैनिक, या वार्ता रेडिओवरून आणि नंतर पुस्तकांतून आपल्यापर्यंत आल्या. परंतु त्याच दिवसांत सुंदरबनच्या खाड्यांतून चाललेल्या एका लहान तांड्याची वार्ता आली नाही.

या तांड्यात ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि आपल्या नौदलाची गस्तीनौका ‘पनवेल’ अशा तीन बोटी होत्या. सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ही सोबत आली. ‘पनवेल’ हे नाव आपल्या रायगड जिल्ह्यातील गावाचे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर जोसेफ पायस आल्फ्रेड नोरोन्हा. सर्व तांड्याचे प्रमुख कमांडर सामंत त्याच बोटीवर होते. वाट अनोळखी आणि घातकी होती. भरती-ओहोटीने क्षणोक्षणी खोली बदलणारे पाणी, वाळूचे दांडे, दोन्ही तीरांस दाट रान, आणि त्या रानात कोण बसले आहे याचा भरवसा नाही. अशा वाटेने सामंतांनी तांडा बिनबोभाट आत नेला. १० डिसेंबरच्या सकाळी मोंगला बंदर हाती लागले. ‘चित्रांगदा’स तेथे ठेवून उरलेल्या तीन बोटी नदीने वर खुलना शहराकडे निघाल्या.

आपल्या वायुदलाची विमाने त्या भागात शत्रूच्या बोटी टिपीत होती. म्हणून ओळख पटावी यासाठी या बोटींच्या माथ्यावर पिवळा रंग देण्यात आला होता आणि तसे वायुदलास कळविलेही होते. दुपारच्या सुमारास बोटी खुलना गोदीजवळ पोहोचल्या, तोच आकाशात तीन नॅट विमाने दिसली. बंगाली खलाशांनी गोळी चालविण्याची परवानगी मागितली. सामंतांनी ती नाकारली. विमाने आपलीच आहेत, असे त्यांनी सांगितले. विमाने खरोखरच आपली होती. ती पुढे गेली, वळली, आणि त्यांनी ‘पद्मा’वर बाँब टाकले. मागोमाग ‘पलाश’ची तीच गत झाली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. युद्धात आपल्याच माणसाकडून आपलाच माणूस मारला जाणे, ही गोष्ट नवी नाही, आणि वैमानिकास दोष देण्याचा अधिकार घरी बसलेल्या कोणास आहे असे आम्हांस वाटत नाही. वेगाने जाणाऱ्या विमानातून नदीवरील पिवळा ठिपका किती दिसणार? पण सामंतांच्या मनाची स्थिती काय झाली असेल, याचा विचार वाचकांनी करावा. गोळी चालवू नका, ही त्यांची आज्ञा योग्य होती. ती पाळणारी माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात पडली होती. काठावरून पाकिस्तानी सैनिक आणि रझाकार पोहणाऱ्यांवर गोळ्या झाडीत होते. तीनपैकी दोन बोटी गेल्या होत्या आणि तिसरी कोणत्याही क्षणी जाणार होती. अशा वेळी माघारी फिरणाऱ्या सेनापतीस इतिहास फारसे बोल लावीत नाही.

सामंत फिरले नाहीत. नोरोन्हांनी ‘पनवेल’ कौशल्याने वाचविली, आणि तिच्यावर काठावरून मारा होत असताना सामंतांनी पाण्यातील माणसे उचलावयास लावली. शक्य तितके लोक वर घेऊन त्यांस सुरक्षित जागी धाडल्यावरच त्यांचे समाधान झाले, आणि तरीही त्यांनी शत्रूवरील मारा सोडला नाही. महावीरचक्राच्या मानपत्रात या बचावकार्याचा उल्लेख आवर्जून आहे. शत्रूची जहाजे बुडविणाऱ्यास पदके मिळतात, ती मिळावीतही. आपल्या बुडालेल्या बोटींची माणसे गोळा केल्याबद्दल पदक मिळणे, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. निमजच्या नामदेवांची आठवण आम्ही आरंभी केली ती यासाठीच.

त्या दिवशीचे आणखी दोघे सांगितल्यावाचून सामंतांचे चरित्र अपुरे राहील. लीडिंग सीमन चिमणसिंग हे हरियाणातील रेवाडीकडचे. बोट बुडाली तेव्हा त्यांना तुकडे लागून गंभीर जखमा झाल्या होत्या. पाण्यात एक अधिकारी आणि एक खलाशी गटांगळ्या खात आहेत, असे पाहून ते तशाच स्थितीत त्यांच्याकडे गेले आणि गोळ्यांच्या वर्षावात त्यांना काठास लावले. काठ शत्रूचा होता. तेथे पोहोचताच चिमणसिंग स्वतः शत्रूवर धावून गेले, जेणेकरून गोळ्या आपल्याकडे वळाव्यात आणि सोबत्यांनी निसटावे. सोबती निसटले, चिमणसिंग पकडले गेले. बांगलादेश मुक्त झाल्यावर त्यांची सुटका झाली. नौदलात अधिकारी नसलेल्या माणसास महावीरचक्र मिळाल्याचे ते एकमेव उदाहरण आहे.

दुसरे मोहम्मद रुहुल अमीन. नोआखालीचे हे गृहस्थ ‘पलाश’च्या इंजिनघरात कारागीर होते. बोट सोडण्याचा हुकूम सुटला तो त्यांनी मानला नाही. इतक्या कष्टाने आपल्या देशास मिळालेली बोट वाचविता येईल, या आशेने ते यंत्रापाशीच राहिले. अखेर बोट पेटली. जखमी अवस्थेत ते काठास लागले आणि रझाकारांनी त्यांना ठार केले. बांगलादेशने आपल्या सात सर्वश्रेष्ठ वीरांना ‘बीरश्रेष्ठ’ ही पदवी दिली, त्यांत रुहुल अमीन आहेत. खुलन्याजवळ रूपसा नदीच्या काठी त्यांची कबर आहे.

१६ डिसेंबर रोजी ढाका शरण आला, दुसऱ्या दिवशी खुलना. १९७१ च्या युद्धात नौदलास एकूण आठ महावीरचक्रे मिळाली. त्यांपैकी तीन, सामंत, नोरोन्हा आणि चिमणसिंग यांची, या एवढ्याशा तांड्यातील आहेत, हे प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखे आहे. युद्ध संपल्यावर सामंत काही काळ बांगलादेशातच राहिले आणि त्या देशाच्या नव्या आरमाराची घडी बसविण्यास त्यांनी साह्य केले. ज्यांना त्यांनी गुप्तपणे शिकविले होते, त्यांतील कित्येक आता गणवेशातील सैनिक झाले होते. पुढे कॅप्टन या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरचा काळ मोठा आणि शांत होता. गुप्त कामाची हकीकत चारचौघांत सांगण्याची त्यांना मोकळीक नव्हती, आणि स्वभावही बोलका नसावा. ‘खुकरी’ची कथा पाठ्यपुस्तकांत आली, चित्रपटांतून कराचीचा हल्ला आला, मराठी घरांत मात्र सामंत हे नाव उच्चारले गेले नाही. आम्ही वर्गात इतकी वर्षे इतिहास शिकविला, पण अभ्यासक्रमात हे नाव आढळल्याचे स्मरत नाही. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘ऑपरेशन एक्स’ हे इंग्रजी पुस्तक २०१९ साली निघाले, तेव्हा कोठे सबंध हकीकत लोकांसमोर आली. त्याच वर्षी, २० मार्च रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी कॅप्टन सामंत निवर्तले. म्हणजे प्लासीच्या शिबिरापासून जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे ही गोष्ट थोड्याच लोकांपाशी राहिली होती. आपल्या तरुणांपैकी जे इंग्रजी वाचतात, त्यांनी ते पुस्तक मिळवून वडीलधाऱ्यांस त्यातील मजकूर मराठीत सांगावा, अशी आमची विनंती आहे. मंडळाच्या वाचनालयाने एक प्रत घेतल्यास उत्तमच.

सामंतांची जुनी ‘करंज’ २००३ साली सेवेतून निवृत्त झाली. त्याच नावाची नवी पाणबुडी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली जाऊन १० मार्च २०२१ रोजी नौदलात दाखल झाली. तिकडे बांगलादेशानेही आपल्या नौदलात ‘पद्मा’ हे नाव पुन्हा आणले. २०१३ साली सेवेत आलेली ही नवी ‘पद्मा’ खुलना गोदीत बांधलेली आहे. पहिली ‘पद्मा’ बुडाली ती याच गोदीजवळच्या पाण्यात.